फेल बोअर कोण लिहितो?

आमच्या बेळगाव भागात बोअरच्या गाड्या ठरवून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. तारीख, सर्व्हे नंबर, मालकाचं नाव, किती फूट, केसिंग किती, पाणी किती इंच, असे रकाने त्यांनी स्वतःच पट्टीनं आखलेत. अक्षर मराठी; सर्व्हे नंबर मात्र पहाणीवरून, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरून, उतरवलेले, म्हणून कधीमधी कन्नड आकड्यांत. गेल्या उन्हाळ्यात मला शेतात बोअर घ्यायची होती. एका संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर बसून मी ती वही चाळली. दीडशे फुटाला काळा पाषाण, अडीचशेला मांजऱ्या खडक, तीनशे वीसला दोन इंच. पानामागून पान पाणीच पाणी. आमच्या शिवारात किती बोअरी नुसता फुफाटा उडवून गप्प झाल्या हे गावातलं पोरही सांगेल. वहीत त्यातली एकही नव्हती.

"फेल गेलेल्या कुठं लिहिता?" मी विचारलं.

"पाणी लागलं न्हाई ते लिवून काय करायचं ओ साहेब? मालक आधीच तोंड लपवून फिरतोय, आन् मी वहीत त्येची शोभा करू?"

हसू आलं, पण उत्तर ओळखीचं होतं. नोकरीची बावीस वर्षं मी गुजरातेत तेल-वायूच्या विहिरींचे लॉग वाचण्यात काढली. विहिरीत उपकरण सोडायचं, खडकाचा विद्युतरोध, किरणोत्सर्ग, घनता मोजायची आणि लांबलचक कागदावर उमटलेल्या रेघा वाचून सांगायचं, कुठे वाळू, कुठे शेल (चिकणमातीचा घट्ट खडक), कुठे पाणी, कुठे वायू. तिथेही हाच स्वभाव पाहिला. लागलेल्या विहिरीची फाइल जाडजूड, पेढ्यांच्या फोटोसकट. कोरड्या विहिरीची फाइल चार पानांची, तीही शोधावी लागणारी.

माझं म्हणणं सरळ आहे. खंबातचं खोरं, मुंबईचा समुद्र अशा आपल्या जुन्या, मुरलेल्या खोऱ्यांतल्या वायूसाठ्यांची जंत्री व्हायला हवी. ती क्षेत्रागणिक नको, साठ्यागणिक हवी. फेल विहिरींसकट हवी. आणि ती कुणालाही उघडून वाचता यायला हवी, बेळगावातल्या विद्यार्थ्यालासुद्धा.

बेळगावचा इथे काय संबंध, असं कुणी विचारील. दाभोळहून बंगळूरकडे जाणारी वायूवाहिनी २०१३ पासून आमच्या जिल्ह्यातून जाते. बांधावर तिच्या खुणेचे खांब आहेत. जमीन शेतकऱ्याची, वापराचा हक्क वाहिनीचा. १९६२ च्या कायद्यानं त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही की मोठं झाड लावता येत नाही. शहरातल्या काही स्वयंपाकघरांत सिलिंडर जाऊन मीटर आला. त्यामुळे मी कुठे चार शब्द बोललो की हमखास प्रश्न येतो: आपल्या जमिनीखाली गॅस आहे का?

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर लांब आहे. देशात २६ अवसादी, म्हणजे गाळ साचून झालेल्या खडकांची, खोरी मोजली जातात, सगळी मिळून ३३.६ लाख चौरस किलोमीटर. त्या यादीत आमचंही नाव आहे: भीमा-कलादगी. हे ऐकून लोक खूश होतात. पण यादीची वर्गवारी पाहिली की कळतं, भीमा-कलादगी शेवटच्या वर्गात बसलंय. वरच्या वर्गात जिथून उत्पादन चालू आहे ती खोरी, मधल्या वर्गात जिथे साठे सापडले पण उत्पादन बाकी आहे ती, आणि तळाशी जिथे आशेखेरीज दाखवण्यासारखं फारसं काही नाही ती. विंध्य खोऱ्यातले खडकही असेच पुरातन, आणि तिथे मध्य प्रदेशात दमोहच्या बाजूला वायू लागला आहे. म्हणून आमच्याकडे कधीच नाही असं छातीठोक मी म्हणणार नाही. आहे असं तर मुळीच म्हणणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला मी गोकाकला जाऊन यायला सांगतो. पावसाळ्यात सगळे घटप्रभेचं पाणी बघायला जातात. ५२ मीटरवरून ते लालसर लोंढे कोसळताना दुसरीकडे नजर जातच नाही. एकदा उन्हाळ्यात जा, पाणी आटल्यावर, आणि झुलत्या पुलाजवळच्या कातळावर बाटलीतलं पाणी ओता. ते ओघळून जातं, मुरत नाही. तो दगड मुळात वाळूच आहे. भिंग लावलं तर कणही दिसतात. पण कोट्यवधी वर्षांत कणांमधल्या फटी सिलिकानं लिंपून गेल्या. खंबातच्या खोऱ्यातली चांगली वाळू हजार-दीड हजार मीटर खोलीवरून वर काढली, तर तिच्या शंभर भागांत वीस-पंचवीस भाग पोकळी असते. त्या पोकळीत वायू राहतो. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर तो वाहतो, आणि वर घट्ट शेलचं झाकण असेल तर निसटत नाही. पोकळी, जोड, झाकण आणि या सगळ्याला मिळालेला घुमटासारखा आकार, एवढं जुळलं की त्याला साठा म्हणायचं. गोकाकचा दगड दिसायला रुबाबदार, पण साठवायच्या कामाचा नाही.

या भागाचा खडक आधी कुणीतरी नीट लिहून ठेवला, म्हणून मी एवढं बोलू शकतो. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा भूवैज्ञानिक बैलगाडी-घोड्यावरून हा मुलूख पालथा घालत होता. 'दक्षिण मराठा मुलूख' आणि आसपासच्या जिल्ह्यांवरचा त्याचा अहवाल १८७६ चा. कलादगी या बागलकोटजवळच्या गावाचं नाव खडकमालेला दिलं ते त्यानं. त्या अहवालाला दीडशे वर्षं होत आली, आज तो कुणीही वाचू शकतो. १९७० साली मेहसाण्याजवळ खणलेल्या विहिरीचा लॉग मात्र सामान्य माणसाला पाहता येत नाही. घोड्यावरच्या साहेबाचं काम उघडं आणि आपल्या पैशानं खणलेल्या विहिरीचं काम कपाटात, हा उलटा न्याय मला अजून पचलेला नाही.

आता 'क्षेत्र' आणि 'साठा' यांतला फरक. वर्तमानपत्रात येतं, अमुक फील्डमध्ये इतका वायू. फील्ड म्हणजे नकाशावरचा एक डाग. त्याच्याखाली एकावर एक दहा-बारा वाळू असतात, प्रत्येकीत वेगळा दाब, वेगळी वायू-पाण्याची रेघ, कधी वायूही वेगळा. फील्ड म्हणजे चाळ, साठे म्हणजे खोल्या. एका खोलीतलं भाडं थकलं म्हणून सगळी चाळ रिकामी आहे असं कुणी म्हणत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात नोंदच 'पूल' या एककानं होते, म्हणजे इतरांपासून वेगळा पडलेला एकेक साठा. टेक्सास विद्यापीठाच्या भूविज्ञान ब्युरोनं १९८९ साली तिथल्या मोठ्या वायूसाठ्यांची अशीच मांडणी केली. साठे कसे तयार झाले त्यावरून त्यांची कुळं लावली. एका कुळातल्या साठ्याचं वागणं कळलं की त्याच कुळातल्या राहून गेलेल्या भावंडाचा माग लागतो. मुरलेल्या खोऱ्यात मोठे मासे आधीच पकडलेले असतात, १९५८ नंतर खंबातमध्ये आणि १९७४ नंतर मुंबई हायच्या आसपास ते झालं. आता उरलेत ते छोटे, आणि छोटे मासे जुन्या कागदांत सापडतात.

कसे, ते सांगतो. त्या काळी शोध तेलाचा होता. तेल लागलं की टाळ्या, वायू लागला की कपाळाला हात. न्यायला वाहिनी नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. मुंबई हायवर तेलाबरोबर येणारा वायू कित्येक वर्षं जाळून टाकला गेला; हजीरा-विजयपूर (मध्य प्रदेशातलं)-जगदीशपूर वाहिनी आली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. वाटेत लागलेल्या लहान वायू-वाळूंसमोर 'वायू, बंद' असा शेरा मारून लोक खाली गेले. काही वाळूंत चिकणमाती इतकी, की विद्युतरोध कमी दिसायचा आणि आम्ही डोळे मिटून 'पाणी' लिहायचो. आज तोच लॉग नव्या नजरेनं वाचला तर पाच-सात ठिकाणी पेन्सिल थांबते. त्यासाठी नवी विहीर लागत नाही. लागतो तो जुना कागद, आणि त्यावर खोली कुठून मोजली हे लिहिलेलं. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण तो नसेल तर सगळं मुसळ केरात. तेलविहिरीची खोली जमिनीपासून मोजत नाहीत, रिगच्या मचाणावरच्या एका ठरलेल्या पातळीपासून मोजतात. ती पातळी लिहिली नसेल तर सगळ्या खोल्या काही मीटरनं सरकतात, आणि चार मीटर जाडीची वाळू असेल तर ती हातातूनच जाते. जुन्या विहिरींचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजणी-पद्धतीचे, आताचे उपग्रहाच्या पद्धतीचे. दोघांची गल्लत झाली की विहीर नकाशावर शंभर मीटरहून जास्त सरकते. आमच्याकडे मोजणीच्या दगडावरून भाऊबंदकी होते, मग विहिरीच्या बाबतीत हे चालवून कसं घ्यायचं?

नावांचा घोळ तर सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव कागदोपत्री बेळगावी झालं. आजोबांच्या खरेदीखतावर एक नाव, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नड उताऱ्यावर तिसरं, आधार कार्डावर इंग्रजीतून फिरून आलेलं चौथं. मग नोटरीकडे जायचं आणि प्रतिज्ञापत्र करायचं: 'वरील सर्व नावांची व्यक्ती एकच आहे.' वाळूंचंही असंच. हजाद नावाचा एकच थर. अंकलेश्वरला त्यातल्या वाळूंना 'एस' क्रमांक, गांधारला 'जीएस' क्रमांक. तिकडे उत्तरेला कलोलच्या थरात 'के-नऊ', 'के-दहा'. दोन शेजारी क्षेत्रांत काम करणारे दोघे चहाला भेटले की आधी तासभर आपापल्या क्रमांकांचा हिशेब जुळवत बसायचे. जंत्रीत प्रत्येक साठ्याचं एक पक्कं नाव आणि शेजारी त्याची सगळी उपनावं हवीत. कुठलंही जुनं नाव पुसायचं नाही. पुसलं की त्या नावाचे सगळे जुने कागद अनाथ होतात. हे मी वाळूबद्दलच बोलतोय, पण वाचणाऱ्यानं हवं ते समजावं.

आणि फेल विहिरी. सगळ्यात जास्त भांडावंसं वाटतं ते यावर. फेल म्हणजे काय? माझीच बोअर घ्या. दोनशे नव्वद फुटांवर हॅमर अडकला, दोन दिवस खटपट केली, अखेर गाडीवाल्यानं हात टेकले आणि भोक सोडून दिलं. गावात झालं काय, तर 'त्यांच्या शेतात पाणी नाही'. पाणी आहे की नाही हे खडकाला अजून कुणी विचारलेलंच नाही! पण शेजाऱ्यानं त्या ऐकीव गोष्टीवर आपला बेत रद्द केला. तेलविहिरींतही चार तऱ्हेची अपयशं असतात. वाळूच लागली नाही. वाळू लागली, पण पाण्यानं भरलेली. वायू होता, पण खडक इतका घट्ट की वाहिला नाही. किंवा पाइप अडकला, सिमेंट बिघडलं, विहीर तपासण्याआधीच सोडली. यांतल्या पहिलीत दिशा बदलायची असते, दुसरीत घुमटाच्या माथ्याकडे सरकायचं असतं, तिसरीत तंत्र बदलायचं असतं आणि चौथीत काहीच ठरत नाही, पुन्हा विचारायचं असतं. यादीत चौघींपुढे एकच शब्द असतो: कोरडी. पुढच्या माणसाला त्या शब्दाचा काडीचा उपयोग नाही.

ही नोंद न ठेवल्याची, किंवा ठेवून दडवल्याची किंमत किती असते? कृष्णा-गोदावरी खोरं पाहा. डी-६ गटातल्या (गट म्हणजे शोधासाठी कंपनीला दिलेला पट्टा) मोठ्या शोधाची घोषणा २००२ मध्ये झाली, एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला. आराखडा रोज ८ कोटी घनमीटरचा होता. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या वर गेलं आणि तिथून घसरलं ते असं, की चार-पाच वर्षांत त्याचा चौथा हिस्साही उरला नाही. त्या वायूच्या भरवशावर उभे केलेले वीजप्रकल्प आंध्रात रिकामे बसले. कुणाची चूक, यावर बरंच लिहून झालंय, त्यात मी पडत नाही. मला खटकतं ते एवढंच, की साठा किती याचे आकडे देशानं ऐकले, पण ते कशावरून काढले हे तटस्थ माणसाला तपासता येण्याची सोय नव्हती. सिद्ध, संभाव्य आणि शक्य या तीन पायऱ्या जगभर मानतात. आपल्याकडे घोषणेत तिन्हींची खिचडी होते.

त्याच खोऱ्यातला दुसरा तंटा तर थेट आमच्या शिवारातला वाटतो. 'शेजाऱ्याच्या बोअरनं माझं पाणी ओढलं' ही तक्रार आमच्याकडे दर उन्हाळ्यात. तिकडे २०१३ मध्ये सरकारी कंपनीनं म्हटलं, आमच्या गटातला वायू शेजारच्या खासगी कंपनीच्या विहिरींतून जातोय. अमेरिकी सल्लागारांनी २०१५ मध्ये आकडा दिला, सुमारे ११ अब्ज घनमीटर. सरकारनं दीड अब्ज डॉलरच्या वर भरपाई मागितली, २०१८ मध्ये लवादानं खासगी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो रद्द केला. दोन गटांमधली रेघ कार्यालयात नकाशावर पट्टीनं ओढलेली. खाली वाळू अखंड. रेघेच्या दोन्ही बाजूंचे लॉग पहिल्या दिवसापासून एका टेबलावर असते, तर ही वाळू एकच आहे हे एखाद्या नवशिक्यानंही सांगितलं असतं. रेघ कुठून गेली म्हणून खालचं आणि वरचं बदलत नाही, हे आम्हाला १९५६ पासून ठाऊक आहे.

आक्षेप येतात. पहिला, व्यापारी गुपिताचा. कंपनी पैसा घालते, तिनं माहिती फुकट का द्यावी? थोडी मुदत द्या की. नॉर्वेत विहिरीची कच्ची माहिती दोन वर्षांनी खुली होते, अल्बर्टात शोधविहिरींची एका वर्षानं. दोन्हीकडच्या कंपन्यांचं दिवाळं निघालेलं नाही. शिवाय वायू आहे कुणाचा? सर्वोच्च न्यायालयानं मे २०१० मध्ये अंबानी बंधूंच्या तंट्यात स्पष्ट केलंय, वायू ही राष्ट्राची संपत्ती, सरकार तिचं विश्वस्त. विश्वस्तानं खातं दाखवायचं नाही, असं कुठल्या देवस्थानात चालतं? (चालतं, माहीत आहे. पण ते समर्थन होत नाही.) राज्यं-केंद्र असा वादही इथे नाही. नैसर्गिक वायू केंद्रसूचीच्या ५३ व्या नोंदीत येतो हे २००४ मध्येच ठरलं, म्हणजे जबाबदार कोण ते शोधत फिरायला नको. राष्ट्रीय माहिती भांडार २०१७ पासून आहे, तेही चांगलंच झालं. पण त्याची घडण गटांसाठी बोली लावणाऱ्यांची सोय पाहणारी आहे. तिथे ढीग आहे, जंत्री नाही. धान्य पोत्यात भरणं वेगळं आणि कुठल्या पोत्यात काय हे दोरीला चिठ्ठी बांधून लिहिणं वेगळं.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: जग सौरऊर्जेकडे चाललंय, तुम्ही वायूच्या वह्या काय मांडता? आज देश वापरतो त्यातला जवळपास निम्मा वायू जहाजानं येतो. आमच्या बांधावरून जाणाऱ्या वाहिनीत परदेशी वायू असतो. तेव्हा वायू संपायला वेळ आहे. आणि संपल्यावरही साठा उरतो, रिकामा. पुढे उन्हाळ्यात घेतलेला वायू हिवाळ्यासाठी जमिनीखाली ठेवायचा असेल, किंवा कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पुरायचा असेल, तर जागा त्याच. कच्च्या तेलासाठी आपण मंगळूर आणि पादूरला खडक कोरून पोकळ्या केल्या. वायूसाठी पोकळी निसर्गानं करून ठेवलीय, फक्त तिचं झाकण शाबूत आहे का, आणि जुन्या विहिरींची किती भोकं त्या झाकणातून गेलीत, हे लिहिलेलं हवं. त्यात सोडून दिलेली प्रत्येक कोरडी विहीरही मोजावी लागेल. जी कुठेच लिहिली नाही, त्याच भोकातून वायू वर येईल.

काम कुठून सुरू करायचं? खंबात खोऱ्यातल्या, १९८० आधी खणून बंद केलेल्या विहिरींपासून. त्यांत गुपित काही उरलेलं नाही, आणि कागद सगळ्यात वाईट अवस्थेत तिथलेच आहेत. एका गोदामात मी कोअरच्या लाकडी पेट्या पाहिल्या होत्या. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्यावर लाल आणि काळी अशा दोन समांतर रेघा मारतात. लाल उजवीकडे आली की दगड सुलटा. तिथे वाळवीनं पेटीची चिठ्ठी खाल्ली होती, आणि कुणीतरी झाडताना तुकडे उचलून पुन्हा मनाला येईल तसे लावले होते. काही लाल रेघा उजवीकडे, काही डावीकडे. विहीर कुठली, हे तिथल्या राखणदारालाही सांगता आलं नाही.

दुसरी घाई माणसांची आहे. ते लॉग वाचणारी आमची पिढी सत्तरीच्या आसपास आहे. मागच्या दिवाळीत एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. जुने लॉग संगणकात भरायचं काम त्याच्या हाताखाली चाललंय. म्हणाला, एका कागदावर १७४० मीटरसमोर पेन्सिलीनं 'गॅस?' लिहिलंय, अक्षर तुमच्यासारखं वाटतं. त्यानं फोटो पाठवला. ग आणि स यांची ती वळणं माझीच होती. सगळा लॉग इंग्रजीत आणि तेवढाच एक शब्द मराठीत, म्हणजे स्वतःपुरता लिहिलेला. त्या वाळूची चाचणी झाली नव्हती, विहीर खाली पाणी लागलं म्हणून कोरडी ठरवून बंद केलेली.

"का वाटलं होतं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

मी चष्मा लावून बराच वेळ त्या रेघा बघत राहिलो. मला ती विहीरच आठवेना.